पत्र वाचतो कोण?

धाराशिव जिल्ह्यात नोकऱ्या कमी असतील, पण नोकरीच्या मार्गदर्शनाची वानवा नाही. कॉलेजचा प्लेसमेंट सेल, तालुक्याच्या ठिकाणची अभ्यासिका, एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचं शिबिर, जिल्हा कौशल्य विकास केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा. कुठे ना कुठे माईक चालूच असतो. वक्ता बहुधा पुण्याहून आलेला. अर्जासोबतच्या पत्राचा विषय निघाला की तो हात झटकतो: ‘कव्हर लेटर आता कोणी वाचत नाही. बायोडाटा एका पानात बसवा, लिंक्डइनवर खातं काढा, बाकी विसरा.’ समोरची पोरं माना डोलावतात. सल्ला सोयीचा असतो, एक काम कमी होतं.

सोयीचा असला तरी हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांना तो दिला जातो त्यांच्याच मुळावर येणारा आहे. नोकरीच्या अर्जातले बाकीचे सगळे रकाने दुसऱ्या कुणीतरी आखलेले असतात: जन्मतारीख, टक्केवारी, अनुभवाची वर्षं, शेवटचा पगार. काय आधी सांगायचं, काय नंतर आणि काय सांगायचंच नाही, हे उमेदवाराने स्वतः ठरवायचा कागद एकच, तो म्हणजे पत्र. नावाजलेल्या कॉलेजचा शिक्का आणि कंपनीत बसलेला मामा ज्याच्याकडे आहे, त्याने पत्र नाही लिहिलं तरी चालेल. परंडा, भूम, लोहारा, उमरग्याच्या ज्या पोरापोरींचे रकाने रिकामे आहेत, त्यांचं पत्रावाचून अडतं. आणि नेमकं त्यांनाच सांगितलं जातं की तेवढं सोडा.

विरोधकांच्या म्हणण्यात खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. सरकारी भरतीत पत्राला जागाच उरलेली नाही. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाचं शुल्क १,००० रुपये, राखीव प्रवर्गाचं ९००, परीक्षा संगणकावर. तिथे कुणी पत्र लिहिलं तरी ते जोडायला बटण नव्हतं. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद भरतीतही तेच. शिक्षकांची निवड २०१७पासून ‘पवित्र’ पोर्टलवर गेली आणि ते बऱ्याच अंशी बरंच झालं. २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, तेही पोर्टलवरच्या नोंदणीवर. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागायचं तर आधार, पॅन, पासबुक आणि गुणपत्रक पुरतं. महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरच्या जाहिराती ‘मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे’ असं सांगून मोकळ्या होतात. या सगळ्या ठिकाणी पत्र लिहीत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय, यात वाद नाही.

पण या यादीबाहेरही नोकऱ्या आहेत, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्या वक्त्यांना वाटतात त्याहून जास्त आहेत. पतसंस्था, खासगी दवाखाने, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या, गोदामं, दूध संकलन केंद्रं, खत-बियाण्यांच्या कंपन्यांचे तालुका प्रतिनिधी. त्यातच स्वयंसेवी संस्था. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावं जमीनदोस्त केली आणि पुनर्वसनाच्या कामासाठी संस्था या भागात आल्या. काही परत गेल्या, काही रुजल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्याच कामातून वाढली. महिला शेतकऱ्यांबरोबरच्या तिच्या कामाला २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, म्हणून तयार केलं. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचं संकुल आहे आणि त्याच्याभोवती प्रकल्पांची कामं असतात. अशा ठिकाणी एका जागेसाठी लाखभर अर्ज येत नाहीत. जे येतात ते त्या जागेवर ज्याच्या हाताखाली काम करायचं तोच माणूस उघडून बघतो. खुद्द राज्य सरकार मुख्यमंत्री फेलोशिपसाठी परीक्षेतून निवडलेल्यांकडून निबंध मागवतं आणि मग मुलाखत घेतं. म्हणजे जिथे माणूस निवडायचा असतो तिथे त्याचं लिहिलेलं वाचावंच लागतं, हे सरकारलाही पटलेलं आहे.

मग ‘कोणी वाचत नाही’ ही समजूत आली कुठून? ज्या प्रकारची पत्रं पाठवली जातात ती खरोखरच कोणी वाचत नाही, त्यातून. बसस्थानकासमोरच्या कुठल्याही झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जावं. संगणकावर ‘बायोडाटा’ नावाचं एक फोल्डर असतं, त्यात पत्राची एक फाइल. दुकानदार नाव आणि तारीख बदलतो, प्रिंट काढतो. मजकूर साधारण असा: ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी प्रामाणिकपणे, निष्ठेने व कष्टाने काम करीन. मी जिद्दी व मेहनती असून मला सर्वांना सोबत घेऊन काम करण्याची आवड आहे. माझी घरची परिस्थिती बेताची आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ हे पत्र शाळेला चालतं, दवाखान्याला चालतं, पेट्रोल पंपालाही चालतं. त्यातलं एकही वाक्य खरं की खोटं हे तपासता येत नाही. ‘मी आळशी आहे’ असं आजवर कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा ‘मी मेहनती आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे येणारी पोरं अर्ज लिहायला जिथे शिकली, तिथेच हे वळण लागलेलं आहे. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्र असतं. मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र. प्रश्नातच एक जाहिरात दिलेली असते. तिच्यातलं नाव-गाव उचलायचं, रोपवाटिकेकडून रोपं मागवायची किंवा पुस्तकाच्या दुकानाकडे सवलत मागायची. मायना, विषय, दिनांक, समारोप जागच्या जागी असले की गुण मिळतात. मजकूर प्रश्नपत्रिका पुरवते. स्वतःबद्दल पुरावा देऊन काही सांगायची वेळ विद्यार्थ्यावर येतच नाही.

शाळेबाहेर जे अर्ज तो पाहतो, त्यांचा स्वभाव तर आणखी वेगळा. दुष्काळी जिल्ह्यातलं पोरगं लहानपणापासून अर्ज पाहतं ते टँकरसाठी, विहिरीसाठी, पीकविम्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, १९७७मध्ये तिचा कायदा केला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने मजुराच्या अर्जाला दात दिले. कामाची मागणी लेखी करायची, तारखेची पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायचा. तो अर्ज गरजेवर उभा असतो आणि तसाच असायला हवा, कारण काम हा तिथे हक्क आहे. अधिकाऱ्याने अर्जदाराचे गुण बघायचे नसतात, पात्रता बघायची असते. खासगी नोकरीचं पत्र याच्या अगदी उलट चालतं. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला उमेदवाराच्या घरची परिस्थिती कळून काही ठरवता येत नाही. त्याला पिग्मीचा हिशेब संध्याकाळी जुळेल की नाही ते कळायला हवं असतं. पोरं मात्र दोन्हीकडे एकच भाषा लावतात. निवेदन देतात आणि उत्तर आलं नाही म्हणून पत्रालाच नावं ठेवतात.

खरं पत्र कसं असतं? समजा, कळंब तालुक्यातल्या बी.कॉम. झालेल्या एका मुलीने लातूरच्या गोदाम कंपनीत सहायकाची जाहिरात पाहिली. अनुभवाच्या रकान्यात ती शून्य लिहिणार, कारण तिला कुणी नेमणूकपत्र दिलेलं नाही. पण ती एक हंगाम गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर बसली होती. तिचं पत्र असं होऊ शकतं:

‘गेल्या हंगामात आमच्या गावच्या हमीभाव खरेदी केंद्रावर मी शेतकऱ्यांची ऑनलाइन नोंदणी आणि पावत्यांचं काम केलं. ओलावा जास्त निघालेला माल परत करावा लागे आणि त्यावरून रोज वाद होत. म्हणून मीटरवरचा आकडा शेतकऱ्यासमोर वहीत लिहून त्याची सही घ्यायला आम्ही सुरुवात केली. बारदाना संपला तेव्हा उभ्या ट्रॉल्यांचा नंबर लावणं माझ्याकडे होतं. टॅलीत नोंदी करता येतात. इंग्रजी वाचून समजतं, बोलताना अडखळते. केंद्रचालकांचा फोन नंबर त्यांना विचारून खाली दिला आहे. लातूरला राहायची तयारी आहे.’

सात-आठ वाक्यं. एकही विशेषण स्वतःला लावलेलं नाही. पण गोदाम चालवणाऱ्या माणसाला यातून काय काय कळतं ते बघावं. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने ती १५पर्यंत सैल केली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि माल परत गेला की शेतकऱ्याला बाहेर त्याहून कितीतरी कमी दराने विकावा लागे. अशा वेळी मीटरजवळ उभं राहणं म्हणजे काय, हे धान्याच्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वहीत सही घेण्याची युक्ती वाचून त्याला कळतं की ही मुलगी भांडण झाल्यावर रडत बसणारी नाही, नोंद ठेवणारी आहे. इंग्रजीबद्दलचं वाक्य वाचून बाकीच्या वाक्यांवरही विश्वास बसतो. आणि फोन नंबर असल्यामुळे पाच मिनिटांत सगळं पडताळता येतं. यातलं एक अक्षरही बायोडाट्याच्या रकान्यात बसलं नसतं.

इथे विरोधकांचा सर्वांत ताजा मुद्दा येतो. असलं पत्र आता चॅटजीपीटी अर्ध्या मिनिटात लिहून देतं, मग त्याची किंमत काय राहिली? मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनाईस गाल्दाँ आणि जेसी सिल्बर्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०२५मध्ये फ्रीलान्सर डॉट कॉम या संकेतस्थळावरच्या अर्जांचा अभ्यास मांडला. पत्र लिहून देणारी यंत्रं येण्यापूर्वी, जाहिरात नीट वाचून त्याबरहुकूम लिहिलेल्या पत्राला काम देणारे जास्त मोल देत; आणि ते रास्तच होतं, कारण तेवढे कष्ट घेणारा माणूस कामही तडीस नेण्याची शक्यता जास्त असे. यंत्रं आली आणि हा दुवा तुटला. त्यांनी केलेल्या हिशेबानुसार पत्रातून मिळणारी ही खूण पुसली गेली, तर सर्वांत सक्षम अशा वरच्या पाचव्या हिश्शाला काम मिळण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटतं, तळच्या पाचव्या हिश्शाचं १४ टक्क्यांनी वाढतं.

‘पत्र मेलं’ म्हणणारे हा अभ्यास आपल्या बाजूचा समजतात. तो त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. पत्र निरुपयोगी झालं की नुकसान होतं ते लायक माणसाचं, असंच तो सांगतो. आणि तो ज्या पत्रांबद्दल बोलतो ती जाहिरातीच्या शब्दांना शब्द जुळवणारी पत्रं आहेत. ते काम यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं, तेव्हा त्यात आता काही राम उरला नाही, हे खरंच. पण खरेदी केंद्रावरची वही यंत्राला माहीत नाही. कुणी यंत्राकडून खोटी वही लिहून घेईल, ही शंका रास्त आहे. त्यावर उतारा पत्रातच असतो: ठिकाण, हंगाम, कामाचं स्वरूप आणि ज्याला विचारता येईल असा माणूस. मराठवाड्यात दोन माणसं एकमेकांना ओळखत नसली तरी मधला तिसरा कुणीतरी दोघांच्याही ओळखीचा निघतोच. खोटं इथे फार दिवस टिकत नाही. शुद्धलेखन तपासायला, वाक्य आटोपशीर करायला यंत्र खुशाल वापरावं. पत्रातला मालमसाला मात्र त्याच्याकडे मागू नये, तो त्याच्याकडे नसतोच.

आता जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या अडचणीकडे. मार्गदर्शनाच्या व्यासपीठावरून तिच्याबद्दल कधी बोललं जात नाही. ती म्हणजे स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं.

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्यावर मराठवाड्यातली किती पोरं कॉट बेसिसवर राहून अभ्यास करतात, हे तिथल्या खाणावळवाल्यांना विचारावं. वय सत्ताविशी-अठ्ठाविशीला पोचतं, घरून फोन येतात, आणि मग खासगी नोकरीचा विचार सुरू होतो. बायोडाट्यावर पदवीचं वर्ष आणि आजची तारीख यांच्यात चार-पाच वर्षांची पोकळी दिसते. मुलं ती लपवायला बघतात: कुठल्यातरी ओळखीच्या दुकानाचं अनुभवाचं प्रमाणपत्र आणतात, तारखा सरकवतात. मुलाखतीत हे पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. बायोडाट्यावर पोकळी नुसती दिसते. ती का पडली हे सांगायला तिथे जागा नसते. पत्रात असते.

आणि त्या पोकळीचं कारण लाजिरवाणं नाही. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२०ला व्हायची होती ती पुढे ढकलली जात जात २१ मार्च २०२१ला झाली. त्याआधी १४ मार्चची तारीख ऐन वेळी रद्द झाल्यावर ११ मार्चला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. महापरीक्षा पोर्टल बंद पडलं, पोलीस भरती रखडली. हे सगळं जाहीर आहे, नोकरी देणाऱ्यालाही माहीत आहे. ‘२०१९ ते २०२३ राज्यसेवेची तयारी केली. पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षेत निवड झाली नाही. तो प्रयत्न आता थांबवला आहे. शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ लावण्याची सवय त्या वर्षांत लागली.’ चार वाक्यांत विषय संपतो. शेवटचं वाक्य सरकारी योजना राबवणाऱ्या संस्थेसाठी सोन्यासारखं आहे, कारण तिथे निम्मा दिवस शासन निर्णयांचा अर्थ लावण्यातच जातो. आणि ‘तो प्रयत्न थांबवला आहे’ हे वाक्य तर प्रत्येक मालकाला ऐकायचंच असतं. दोन महिन्यांत हा परत पुण्याला पळेल, ही त्याची खरी भीती असते.

अपयश पत्रात लिहिलं तर दार बंद होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनं पत्र आहे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या एका तरुणाने पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, काही अडचणींमुळे पुढे शिकता आलं नाही, तेव्हापासून सगळा वेळ गणिताला दिला आहे, आणि नेमलंत तर काम नीट करीन, एवढाच त्याचा आशय. एफ.ए.ची, म्हणजे मॅट्रिकनंतरची कॉलेजची परीक्षा त्याला पार करता आली नव्हती. १ मार्चपासून तो महिना ३० रुपयांवर रुजू झाला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. इथे विरोधक म्हणतील की त्याच्या मागे ओळखी होत्या, आणि ते खरं आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या मिडलमास्ट नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाची शिफारस त्याने जोडली होती. पण ही शिफारस त्याला गणितामुळे मिळाली होती, नात्यामुळे नव्हे. आणि अर्जात त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे. शिक्षण तुटल्याचं एका वाक्यात सांगितलं, रडगाणं गायलं नाही, आणि त्या काळात काय केलं हे पुढच्याच वाक्यात मांडलं. एमपीएससीच्या पोकळीवर याहून चांगला नमुना मिळणं कठीण.

दुसरं एक पत्र मात्र व्याख्यानांतून इतकं वापरलं गेलं आहे की त्यातला मुद्दाच झिजून गेला. १९७४मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्याच्या कारखान्यासाठी इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली, स्त्रियांनी अर्ज करू नये असं तीत म्हटलं होतं, आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. मुलाखत झाली, नोकरी मिळाली. वक्ते यातून ‘धाडस करा’ एवढंच काढतात. त्या वेळी त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या, आणि पोस्टकार्डात त्यांनी टाटांच्याच घराण्याच्या कामाची आठवण करून देऊन जाहिरातीतली विसंगती दाखवली होती. ज्याला लिहायचं त्याच्याबद्दल माहिती काढून लिहिलेलं ते पत्र होतं. अणदूरच्या संस्थेला ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असं लिहिणारा आणि भारतवैद्य बायका गावात काय करतात हे आपल्या मावशीकडून ऐकून त्याबद्दल दोन ओळी लिहिणारा, यांच्यातला फरक तोच आहे. धाडस दोघांनाही लागत नाही.

भाषेचा बाऊ तर विनाकारण केला जातो. जाहिरात मराठी वर्तमानपत्रात मराठीत असेल तर पत्र मराठीतच असावं. कळंबच्या पतसंस्थेला इंग्रजीत पत्र धाडून कुणावर छाप पाडायची आहे? जाहिरात इंग्रजीत असेल तर इंग्रजीत, पण आपल्याला मुलाखतीत बोलता येईल तेवढ्याच इंग्रजीत. दुसऱ्याकडून भारदस्त पत्र लिहून घेतलेला उमेदवार समोर बसून ‘येस सर, नो सर’वर आला की दोन गोष्टी एकदम कळतात: त्याला इंग्रजी येत नाही, आणि पत्र त्याचं नाही. पहिली गोष्ट चालून गेली असती.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी वशिला आणि आडनाव यांच्यापुढे ते टिकत नाही, असं धाराशिवचा कुठलाही तरुण चहाच्या टपरीवर सांगेल. हे तो हवेत बोलत नाही. अभ्यासक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज टपालाने पाठवले. पात्रता तोडीस तोड, नावं वेगळी: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाची ०.६७ भरली, मुस्लिम नावाची ०.३३.

यावर पत्र हे औषध आहे असं कुणी म्हणू नये. नाव बघून बाजूला टाकलेलं पाकीट उघडलंच जात नाही, मग आत काहीही असो. पण यातून ‘पत्र लिहू नका’ हे कसं निघतं? जिथे नावावरून ठरतं तिथे पत्र न लिहिल्यानेही नावावरूनच ठरतं. जिथे पाकीट उघडलं जातं, तिथे ओळख नसलेल्या माणसाकडे बोलायला दुसरं काही नाही. शिवाय ज्याला ‘वशिला’ म्हटलं जातं त्यातला बराच भाग म्हणजे कुणीतरी मालकाला सांगणं की ‘पोरगं चांगलं आहे, मी त्याचं काम बघितलंय’. खरेदी केंद्रचालकाचा फोन नंबर तेच काम करतो, फक्त उघडपणे आणि कामाच्या आधारावर.

तेव्हा जाब विचारायचाच तर तो नोकरी देणाऱ्यांनाही विचारायला हवा, आणि मार्गदर्शनाच्या शिबिरांत त्यांनाही बसवायला हवं. ‘सविस्तर अर्ज करा’ असं छापायचं आणि सविस्तर म्हणजे काय ते सांगायचं नाही. अर्ज आल्याची पोचही द्यायची नाही. निवड आधीच ठरलेली असताना जाहिरात देऊन पोरांना स्वखर्चाने बोलवायचं, हे थांबलं पाहिजे. जाहिरातीत अर्ज कोण वाचणार त्याचं पद छापावं. उमेदवाराला दोन नेमके प्रश्न विचारावेत: ‘याच्या जवळपासचं कुठलं काम तुम्ही केलं आहे? ते कुणी पाहिलं आहे?’ पतसंस्था, दवाखाना किंवा उत्पादक कंपनी यांना अर्ज दोन भागांत मागवता येतील, आडनाव आणि गाव असलेलं पान वेगळं, या प्रश्नांची उत्तरं वेगळी. उत्तरं वाचून आधी यादी करायची, मग पहिलं पान उघडायचं. यासाठी ना पोर्टल लागतं ना शासन निर्णय. तुळजापुरात किंवा उमरग्यात एखाद्या मेळाव्यात दहा मालकांनी एका दिवसासाठी हे करून बघावं आणि नेहमीच्या पद्धतीने कुणाला बोलावलं असतं, याच्याशी ती यादी ताडून बघावी.